तांब्याच्या गोळीचा ग्रुप पुन्हा पुन्हा फाकतोय? आधी नळी बघा, मग उडी. पावडर सगळ्यात शेवटी

जानेवारीत रेंजवर रायफलीने शंभर यार्डांवर पाऊण इंचाचा ग्रुप आला होता, म्हणजे सगळी भोकं तेवढ्या जागेत. मी खूश, काडतुसं डब्यात भरून ठेवली. जुलैत सीझनच्या तोंडावर तीच काडतुसं घेऊन बसलो तर अडीच इंच. स्कोपवर शंका घेतली, काडतुसातली पावडर (बारूद) अर्धा ग्रेन (ग्रेन म्हणजे वजनाचं बारीक माप) कमी करून पाहिली, ग्रुप आवळला. हायसं वाटलं. पुढच्या शनिवारी पुन्हा फाकला.

मी स्वतः दोन सीझन यात घालवले. त्यानंतर इथे कॅलिफोर्नियात आमच्या ओळखीतल्या तिघांनी मला हीच तक्रार सांगितली, प्रत्येकाची रायफल वेगळी, गोळी वेगळ्या कंपनीची, आणि तिघांनीही पहिला हात पावडरलाच घातला होता. म्हणून हे सविस्तर लिहितोय. बोल्ट अ‍ॅक्शन शिकारी रायफल, घरी भरलेली काडतुसं आणि अखंड तांब्याची गोळी, एवढ्यापुरतंच बोलतोय.

पावडरचे आकडे मी इथे देणार नाही, आणि कुणी दिले तर घेऊ नका. आकडे गोळी बनवणाऱ्या कंपनीच्या चालू मॅन्युअलमधूनच घ्यायचे, त्याच गोळीचे, त्याच वजनाचे. १५० ग्रेनच्या शिशाच्या गोळीचा आकडा १५० ग्रेनच्या तांब्याच्या गोळीला लावणं ही या कामातली सगळ्यात धोकादायक चूक आहे. वजन सारखं असलं तरी तांब्याची गोळी लांब असते, केसमधली (काडतुसाच्या पितळी नळकांड्यातली) जागा जास्त खाते आणि नळीच्या पिळात (आतल्या सर्पिल खाचांत) शिरताना जास्त विरोध करते. दाब वाढतो. तो चेहऱ्यापासून हातभर अंतरावर वाढतो, हे लक्षात ठेवा.

भारतातल्या वाचकांना प्रश्न पडेल की मुळात तांब्याची गोळी कशाला. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारच बंद आहे, इथे ती परवान्याने चालते. पण कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. कायदा २०१३ साली झाला आणि टप्प्याटप्प्याने लागू होत गेला. त्यामागे मोठं कारण कॅलिफोर्निया काँडॉर या पक्ष्याचं. १९८७ साली शेवटचा मोकळा काँडॉर पकडून आणला तेव्हा जगात हे पक्षी एकूण २७ उरले होते. पिंजऱ्यात वाढवून ते पुन्हा रानात सोडले, आणि रानात त्यांना मारणारं सगळ्यात मोठं कारण निघालं शिशाची विषबाधा. शिकारी हरणाचा कोथळा रानातच टाकतो, त्यात गोळीचे कण असतात, पक्षी ते खातो. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने आपली गिधाडं कशी गेली ते आपण पाहिलंय, त्यामुळे मला हा कायदा कधी जाच वाटला नाही. उलट आता कुणी शिशाची परवानगी दिली तरी मी परत जाणार नाही.

पण या कायद्यातच आपल्या समस्येची मुळी आहे. बंदी शिकारीला आहे, कागदावरच्या नेमबाजीला नाही. त्यामुळे बहुतेक जण वर्षभर स्वस्त, शिशाच्या गाभ्याची काडतुसं उडवतात आणि सीझनच्या आधी महिनाभर तांब्याकडे वळतात. मीही तेच करत होतो.

पाच मिनिटांचं काम आधी

रायफलचे अ‍ॅक्शन स्क्रू, स्कोपच्या रिंगांचे आणि बेसचे स्क्रू टॉर्क रेंचने तपासा. अंदाजाने नाही. लाकडी दस्ता हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात हलतो, स्क्रू सैल पडतात. पुढच्या बाजूला नळी दस्त्याला टेकते का ते कागदाची पट्टी सरकवून बघा. इथेच दोष सापडला तर पुढचं वाचायची गरज नाही. नाही सापडला तर मग नळी.

नळी

शिशाच्या गाभ्याची गोळीसुद्धा नळीला तांबंच घासते, कारण तिचं कवच तांबं आणि थोडं जस्त यांच्या मिश्रधातूचं असतं. त्या कवचाचा थर, त्यावर जळलेल्या पावडरचा काळा थर, परत कवचाचा थर असं वर्षभर साचत जातं. त्यावरून शुद्ध तांब्याची गोळी मारली की ती आणखी थर चढवते, आणि तोही सगळीकडे सारखा नाही. नवी गोळी घेतली की आधी नळी धातूपर्यंत साफ करा, असं तांब्याच्या गोळ्या बनवणारे सांगतात ते याचसाठी.

माझ्या रायफलीचं वागणं असं होतं: साफ केल्यावर पहिल्या दोन गोळ्या इकडेतिकडे, मग पंधरा-वीस गोळ्यांपर्यंत उत्तम, त्यानंतर ग्रुप हळूहळू उभा ताणायला लागायचा. जानेवारीतला पाऊण इंच हा त्या मधल्या पंधरा गोळ्यांमधला होता. जुलैतला अडीच इंच हा दोनशे गोळ्या खाल्लेल्या नळीतला. पावडर अर्धा ग्रेन कमी केल्यावर ग्रुप आवळला असं मला वाटलं, पण त्या दिवशी निघण्याआधी मी नळी साफ केली होती, आणि त्याची नोंदच केली नव्हती.

तुम्ही म्हणाल, नळी तर आम्ही साफ करतोच. एका मित्राशी झालेलं बोलणं सांगतो. तो मूळचा नाशिकचा, माझ्यापेक्षा बराच लहान.

"दादा, तीन दिवस साफ करतोय, चिंधी निळीच येते. संपतच नाही. शेवटी सोडून दिलं. आता पावडर बदलू का?"

"ब्रश कुठला वापरतोस?"

"नेहमीचाच, पिवळा."

पिवळा म्हणजे ब्राँझचा. तांबं विरघळवणाऱ्या द्रावणात अमोनिया असतो. तो नळीतलं तांबं विरघळवतो तसं ब्रशमधलंही विरघळवतो, आणि रॉडच्या टोकाचा, चिंधी धरणारा जॅग पितळी असेल तर त्याच्यातलंही. विरघळलेल्या तांब्याने चिंधी निळी होते, आणि इथे ते तांबं ब्रशचं असतं. उलटंही होतं: दोनदा चिंधी फिरवली, फिकट निळी आली, हा ब्रशचा रंग असेल म्हणून माणूस थांबतो आणि थर तसाच राहतो. नायलॉनचा ब्रश आणि प्लॅस्टिकचा किंवा निकेलचा मुलामा दिलेला जॅग घ्या, तरच चिंधीचा रंग खरं बोलतो.

मी असं करतो. मागच्या बाजूने बोअर गाइड लावायचा, म्हणजे रॉड चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) पुढच्या कडेला घासत नाही. आधी साध्या कार्बन सॉल्व्हंटने काळं काढायचं, चिंधी करडी येईपर्यंत. मग अमोनियाचं द्रावण, बाटलीवर लिहिलंय तेवढाच वेळ, सहसा दहा-पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. ते रात्रभर नळीत ठेवू नका, पोलादाला खड्डे पडतात. गॅरेजचं दार उघडं ठेवा, वास जबर असतो. मग कोरडी चिंधी, मग परत काळं, परत निळं. थर एकावर एक असल्यामुळे एकदाच निळं काढून भागत नाही. माझ्या नळीला पहिल्या वेळी सहा फेऱ्या लागल्या. तिसऱ्या फेरीत चिंधी पांढरी आली होती आणि मी थांबणारच होतो, पण काळ्याची एक फेरी मारून पुन्हा द्रावण घातलं तर चिंधी मोरपिशी निळी आली. तेव्हा कळलं की गेली दोन वर्षं मी वरवरचंच पुसत होतो.

शेवटी हलकं तेल, आणि रेंजवर जाण्याआधी ते कोरडं पुसून काढायचं.

आता सराव आणि शिकार दोन्ही तांब्याचीच ठेवतो. महाग पडतं, म्हणून गोळ्या कमी मारतो. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी सरावाला वेगळी रायफल ठेवावी, किंवा तांब्याकडे वळताना दर वेळी हे सगळं करावं. मधला मार्ग मला सापडलेला नाही.

पीळ पुरतो का

तांब्याची घनता ८.९६, शिशाची ११.३४. म्हणून त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, आणि लांब गोळीला स्थिर फिरायला जास्त पीळ लागतो. तुमच्या नळीला किती पीळ आहे ते कंपनीच्या कागदावर मिळेल, नाहीतर घट्ट चिंधी लावलेला रॉड सरकवा, रॉडवर पेनाने खूण करा आणि एक पूर्ण फेरा किती इंचांत होतो ते मोजा. रॉडची मूठ मोकळी फिरणारी हवी.

आमच्यातल्या एकाची .३०८ विंचेस्टर काडतुसाची जुनी रायफल, १२ इंचांना एक फेरा. शिशाची १६८ ग्रेन त्यातून वर्षानुवर्षं छान जायची, म्हणून त्याने तांब्याचीही १६८ घेतली. थंडीत कागदावर भोकं किंचित लंबगोल पडत होती. मिलरच्या सूत्राने हिशेब केला तर स्थिरतेचा अंक एकच्या जरा वर आला. एकच्या खाली गोळी कोलांट्या खाते, निश्चिंत राहायचं तर दीडच्या आसपास हवा. थंड हवा दाट असते, त्यामुळे अशा काठावरच्या गोळीला हिवाळ्यात जास्त त्रास होतो आणि उन्हाळ्यात ती बरी वागते. ऋतूप्रमाणे ग्रुप बदलत असेल तर हेही कारण धरा.

उपाय सोपा आहे, एक पायरी हलकी गोळी घ्या. १६८ च्या जागी १५०, १५० च्या जागी १३०. हलकी घेतली तर जनावर जखमी होऊन पळेल ही भीती शिशाच्या जमान्यातली आहे. शिशाची गोळी आत फुटून वजन गमावते, म्हणून जड घ्यायचो. तांब्याची गोळी फुलासारखी उमलते आणि जवळजवळ सगळं वजन राखते. त्या .३०८ वाल्याने १५० घेतली, भोकं गोल झाली.

उडी

काडतूस चेंबरमध्ये असताना गोळीचा रुंद भाग आणि नळीतल्या पिळाची सुरुवात यांच्यात जी मोकळी जागा असते तिला आम्ही उडी म्हणतो. शिशाच्या गोळीला बरेच नेमबाज ही उडी अगदी कमी ठेवतात, काही तर टेकवतातच. तांब्याला हे चालत नाही. गोळी कडक असते, टेकलेल्या जागेवरून पिळात शिरताना दाब एकदम चढतो, आणि ग्रुपही बिघडतो. बार्न्स ही कंपनी या गोळ्या १९८९ पासून विकतेय, ती स्वतः ०.०५० इंच उडीपासून सुरुवात करायला सांगते. म्हणजे सव्वा मिलिमीटर. शिशाची सवय असलेल्या माणसाला ही दरी वाटते.

मोजायला गेज मिळतो, पण घरी असं जमतं. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत. बोल्ट बंद करा, पण घोडा ताणलेलाच राहू द्या, म्हणजे फायरिंग पिन बाहेर येत नाही. सपाट टोकाचा रॉड पुढून आत घाला, बोल्टला टेकला की नळीच्या तोंडाशी रॉडवर पट्टी चिकटवून ब्लेडने रेघ मारा. आता बोल्ट काढा, मागून एक नुसती गोळी चेंबरमध्ये सोडा आणि पेन्सिलने हलकेच दाबून पिळाला टेकवून धरा. रॉड पुन्हा पुढून आत, गोळीच्या टोकाला टेकला की दुसरी रेघ. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे त्या गोळीने टेकायला लागणारी काडतुसाची एकूण लांबी. तीन वेगवेगळ्या गोळ्यांनी करा आणि मधला आकडा धरा. पेन्सिल जोराने दाबली की गोळी पिळात रुतते आणि आकडा फसवतो, तिथे हात हलका हवा.

मग पावडर मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या आणि कमाल आकड्याच्या मध्ये कुठेतरी एकाच जागी ठेवा, आणि फक्त उडी बदला: ०.०५०, ०.०८०, ०.११०, ०.१४० इंच. प्रत्येकी पाच काडतुसं. मॅगझिनमध्ये बसतात का ते आधी बघा. .३०८ ची कमाल ठरलेली लांबी २.८१० इंच आहे, आणि काही रायफलींचा गळा (चेंबर आणि पीळ यांच्या मधला भाग) इतका लांब असतो की त्या लांबीलाच उडी ०.०५० च्या पुढे जाते. त्यात बिघडत नाही, तिथून सुरू करून खोल जा. गोळी जितकी खोल बसवाल तितकी केसमधली जागा कमी होते, म्हणून ही चाचणी कमाल पावडरवर कधीही करायची नाही.

माझ्या रायफलीत ०.०५० ला पावणेदोन इंच, ०.०८० ला सव्वा, ०.११० ला एक इंचाच्या आत आणि ०.१४० ला सव्वा असं आलं. मी ०.११० घेतली, कारण तिच्या दोन्ही शेजारणी बऱ्या होत्या. एखादी उडी एकटीच चमकत असेल आणि शेजारी दोन्हीकडे वाईट असेल तर ती सोडून द्या. पिळाची सुरुवात हळूहळू झिजते, उडी आपोआप वाढते, आणि सुईच्या टोकावरचा लोड (गोळी, पावडर आणि उडी यांचा ठरवलेला मेळ) पुढच्या वर्षी हातातून निसटतो.

इथे एक बारीक दोष आहे, तो मला पकडायला फार वेळ लागला. यातल्या बऱ्याच गोळ्यांना लांब, अणकुचीदार प्लॅस्टिकचं टोक असतं. गोळी केसमध्ये बसवणाऱ्या सीटिंग डायच्या आतला दट्ट्या जुन्या बोथट गोळीसाठी घडवलेला असेल तर तो गोळीच्या खांद्याला न टेकता टोकालाच टेकतो. टोक दबतं, कधी कमी, कधी जास्त, आणि प्रत्येक काडतुसाची उडी वेगळी होते. डाय एकाच जागी लावलेला असून माझी वीस काडतुसं कंपॅरेटर नावाच्या गेजने मोजली तर त्यांच्यात ०.०१२ इंचांचा फरक होता. गोळी दट्ट्यात उलटी धरून दिव्याखाली फिरवून बघा. टोकावर चकाकणारा चट्टा पडत असेल तर डाय बनवणाऱ्याकडून लांब टोकाच्या गोळीसाठीचा दट्ट्या मागवा. तो बदलल्यावर फरक ०.००३ वर आला. लांबी नेहमी कंपॅरेटरने, गोळीच्या रुंद भागापासून मोजा, टोकापासून नाही.

केसच्या तोंडाची आतली कड चॅम्फर टूलने हलकी तासून घ्या. तांब्याचा बारीक किस केसच्या मानेशी कुरळा होऊन लटकताना दिसला तर समजा की कड धारदार राहिलीय.

आता पावडर

नळी साफ, पीळ पुरेसा, उडी ठरलेली. एवढं झाल्यावरच पावडरला हात. मॅन्युअलच्या सुरुवातीच्या आकड्यापासून छोट्या पायऱ्यांनी वर या. बोल्ट उचलताना जड लागला, केसच्या बुडावर इजेक्टरचा (केस बाहेर फेकणाऱ्या पिनचा) चकचकीत ठसा आला किंवा प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) सपाट होऊन कडेपर्यंत पसरला, तर मॅन्युअलची कमाल मर्यादा दूर असली तरी तिथेच थांबा. उरलेली काडतुसं उडवून संपवू नका, गोळी उपसणाऱ्या पुलरने खोला. टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा, आणि फोन दुसऱ्या खोलीत. हे मी माझ्या मुलालाही असंच शिकवलंय.

इथल्या किनारपट्टीच्या टेकड्यांत हरणांचा सीझन ऑगस्टच्या मध्यावर सुरू होतो, पारा चाळीसला टेकतो. जानेवारीत आठ-दहा अंशांत ठरवलेला कमाल लोड ऑगस्टात गाडीत तापला की दाब वाढतो. हॉजडनच्या व्हारगेटसारखी, तापमानाने कमी बदलणारी पावडर इथे उपयोगी पडते. तरीही माझा शेवटचा तपास मी जुलैच्या उन्हातच करतो, आणि काडतुसं सावलीत ठेवतो.

उलट टोकाची चूकही होते. ग्रुप छान येतो म्हणून खूप मंद लोड ठरवायचा. तांब्याची गोळी उमलायला वेग लागतो. प्रत्येक गोळीचा किमान वेग कंपनी देते, बऱ्याच गोळ्यांना जनावराला लागताना सेकंदाला १,८०० ते २,००० फुटांच्या आसपास. त्याखाली गोळी न उमलता आरपार जाते आणि हरीण मैलभर जाऊन तासन् तास तडफडतं. आपल्या लोडचा वेग क्रोनोग्राफवर मोजा, किती अंतरापर्यंत तो वेग टिकतो ते काढा, आणि त्यापलीकडे घोडा ओढू नका.

ग्रुप मोजताना

तीन गोळ्यांच्या ग्रुपवर निर्णय घेण्यानेच अर्धे लोक गोल गोल फिरतात. जी रायफल तीन गोळ्यांना सरासरी एक इंच देते, तीच रायफल, काहीही न बिघडता, पाच गोळ्यांना सरासरी सव्वा इंच आणि दहा गोळ्यांना दीड इंचाच्या वर देते. हा फक्त संख्येचा परिणाम आहे. त्यात तीन गोळ्यांचे दोन ग्रुप एकमेकांपासून सहज निम्म्या-दुपटीने वेगळे येतात. पावडर अर्धा ग्रेन बदलली आणि ग्रुप आवळला, यावर म्हणूनच विश्वास ठेवू नका. पाच गोळ्यांचे किमान दोन ग्रुप, मधे नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबून, आणि एका वेळी एकच गोष्ट बदललेली. वहीत तारीख, तापमान, आणि नळी साफ केल्यापासून कितवी गोळी हे लिहा. तो शेवटचा रकाना माझ्या वहीत असता तर माझे दोन सीझन वाचले असते.

लोड ठरल्यावर एक काम उरतं. साफ केलेल्या नळीतून पहिल्या गोळ्या कुठेतरी भलतीकडे जातात, म्हणून शिकारीआधी मी नळी साफ करून चार-पाच गोळ्या मारतो आणि मग तिला तशीच ठेवतो. मग वेगवेगळ्या पाच सकाळी रेंजवर जायचं, गार नळीतून एकच गोळी मारायची, आणि कागद घरी आणून दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा लावायचा. हरणावर जाणारी गोळी हीच असते, गार नळीतली पहिली. गेल्या जुलैतला माझा असा कागद गॅरेजच्या भिंतीवर लावलाय. पाच तारखा, पाच भोकं, सव्वा इंचात.